छत्रीची खुंटी

भलत्या कुलपात भलती चावी शिरली की एक ठरावीक आवाज येतो. चावी आत जाते, पण फिरत नाही. मग ती बाहेर निघते, उलटी होऊन पुन्हा आत जाते, आणि धरणारा माणूस दाराला खांद्याने हलकेच रेटून बघतो, जणू चूक दाराची असावी. चावीकाकांनी हा आवाज उभ्या आयुष्यात इतक्यांदा ऐकला होता की झोपेत ऐकला तरी त्यांचा हात कानशीकडे गेला असता. त्या दुपारी तो आवाज त्यांच्या स्वतःच्या दारातून आला.

"गिऱ्हाईक दिसतंय," काका अंथरुणावरूनच म्हणाले.

"गिऱ्हाईक घंटी वाजवतं," काकू म्हणाल्या. "चोर असेल."

"हे कुलूप भरदिवसा चावीने उघडायला बघणाऱ्या चोराने दुसरा धंदा शोधावा. मी स्वतः बसवलंय ते."

दार उघडलं तर बाहेर काकूंच्याच वयाची एक बाई उभी होती. आखूड कापलेले पांढरे केस, खांद्याला प्रवासाची पिशवी, आणि हातात एक जुनी, झिजून गुळगुळीत झालेली चावी.

"माझी चावी लागत नाहीये," ती म्हणाली.

"कुठल्या घराची आहे?"

"ह्याच."

काकांनी चावी हातात घेतली. या दाराचं जुनं कुलूप त्यांनी स्वतःच्या हाताने काढलं होतं, त्यामुळे ओळख पटायला वेळ लागला नाही. चावी खरी होती. तिचं कुलूप तेवढं उरलं नव्हतं.

बाई उंबऱ्यावरूनच आत डोकावली. दाराशेजारी भिंतीवर लाकडी पट्टी होती आणि पट्टीवर ओळीने चार पितळी खुंट्या. शेवटच्या खुंटीवर काकूंची छत्री लटकत होती.

"ती शेवटची माझी," बाई म्हणाली. "खालून थोडी वाकडी असेल बघा."

काकांना बघायची गरज नव्हती. ती वाकडी होती, हे त्यांना घर घेण्याच्या आधीपासून माहीत होतं.

चावीकाकांचं खरं नाव फक्त बँकेला ठाऊक होतं, आणि बँकेलाही त्यांची सही दर वेळी नवीन वाटायची. बाजाराच्या कोपऱ्यावर एका इमारतीच्या जिन्याखाली त्यांचं दुकान. दुकान म्हणजे एक पेटी, एक स्टूल आणि वर टांगलेली पत्र्याची हातभर चावी. ती चावी कुठल्याच कुलपाची नव्हती, तरी आजवर निदान डझनभर लोकांनी विचारलं असेल, की ही कशाची? काका प्रत्येकाला वेगळं उत्तर द्यायचे. एका वकिलाला त्यांनी तुरुंगाची म्हणून सांगितलं होतं.

ज्या उस्तादाकडे ते शिकले त्याने कला शिकवली ती वर्षभरात, आणि एक नियम शिकवला तो पहिल्याच दिवशी. कुणी म्हणालं, चला, माझ्या घराचं कुलूप उघडून द्या, तर आधी दोन शेजाऱ्यांना विचारायचं. एक असा, ज्याचं त्या घराशी पटतं, आणि एक असा, ज्याचं पटत नाही. दोघांनी एकच सांगितलं तरच पेटी उघडायची. उस्ताद म्हणायचा, पटणारा शेजारी भिडेला पडून बोलतो आणि न पटणारा रागाने. भीड आणि राग एका गोष्टीवर सही करतात तेव्हा ती गोष्ट खरी असते.

या नियमाने काकांना बरंच शिकवलं. एकदा एक सद्गृहस्थ हातात भाजीची पिशवी घेऊन आले, चावी आत राहिली म्हणाले. त्यांच्याशी पटणाऱ्या शेजाऱ्याने हसून मान डोलावली, हो हो, त्यांचंच घर. समोरच्या आजीबाईंनी मात्र दार फटीएवढंच उघडून सांगितलं, "त्यांचं होतं. गेल्या महिन्यात बायकोने काढलंय त्यांना." काकांनी पेटी बंद केली. गृहस्थ जिन्यात बसले आणि थोड्या वेळाने त्यांनी काकांना एक मुळा देऊ केला. काकांनी तो घेतला. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं.

दुसऱ्यांची घरं उघडून देणारा हा माणूस स्वतः मात्र भाड्याच्या खोल्यांत राहत आला. भाड्याच्या खोलीचं काकूंना सगळं चालायचं, एक सोडून. भिंतीत खिळा ठोकायचा तर मालकाला विचारायचं. एका मालकाने तर कॅलेंडरसाठी परवानगी दिली आणि पुढच्या महिन्यात खिळा जास्त खोल गेला म्हणून तपासायला आला. संसारभर काकूंनी पिशव्या, टॉवेल, चाळण्या सगळं दाराच्या कड्यांना टांगून काढलं. घरात कुठलंही दार उघडलं की काहीतरी खाली पडायचं.

मुलगी सासरी गेल्यावर काकांनी एका गल्लीच्या टोकाला हे घर पाहिलं. खाली दोन खोल्या, वर एक, आणि पुढे दुकानासाठी अगदी मापाची जागा. मालक वारलेले. घर तीन मुलांच्या नावावर लागलेलं, वाटण्या झालेल्या नाहीत, तिघांना विकून मोकळं व्हायचं होतं. कागद लिहिणाऱ्याने सगळे दाखले तपासले. वारस तीन, तिघांच्या सह्या, तिघांची शपथ. काकांचा कागदावर विश्वास होता, पण बेताचाच. कागद माणसं लिहितात आणि माणसं घाईत असतात, असं त्यांचं मत होतं. म्हणून त्यांनी स्वतःचं कुलूप उघडायच्या आधी स्वतःचाच नियम पाळला.

गल्लीतल्या इस्त्रीवाल्याचं वारलेल्या मालकांशी उत्तम होतं. "तीन मुलगे," तो इस्त्री न थांबवता म्हणाला. "तिघंही माझ्याच कपड्यात शाळेला गेले. म्हणजे मी इस्त्री केलेल्या."

पलीकडच्या शिकवणीच्या बाईंचं मालकांशी हाडवैर. गटाराच्या उतारावरून दोन्ही घरांत कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. बाईंनी चष्म्याच्या वरून काकांकडे पाहिलं. "तीन," त्या म्हणाल्या. "तिघंही गणितात कच्चे."

भीड आणि राग, दोघांनी सही केली. काका निर्धास्त झाले.

मग सह्यांच्या आदल्या दिवशी थोरल्या मुलाबरोबर ते घर पुन्हा एकदा बघायला गेले आणि दाराजवळची ती खुंट्यांची पट्टी त्यांच्या नजरेला पडली. भाऊ तीन आणि खुंट्या चार. यातही काही नव्हतं. सुताराने पट्टीच्या मापाने चार बसवल्या असतील. पण काकांनी सवयीने बोट फिरवलं. पितळी खुंटीवर वर्षानुवर्षं चावीची कडी अडकवली की लोखंड पितळेला खातं आणि आतल्या बाजूला बारीक चर पडतो. चर तीन खुंट्यांना होता. चौथीलाही होता.

"ही चौथी कुणाची?" काकांनी विचारलं.

थोरले खिडकीतून बाहेर बघत होते. "ती छत्रीची," ते म्हणाले.

छत्री कापडी पट्टीने टांगतात. कापडाने पितळेला चर पडत नाही. हे काकांच्या मनात आलं, आणि त्याच वेळी वरच्या खोलीतून काकूंचा आवाज आला, "अहो, इथून बाजार दिसतो." त्या आवाजात असं काही होतं की काकांनी बोट खुंटीवरून काढून घेतलं. एवढंच घडलं. दुसऱ्या दिवशी सह्या झाल्या.

घर ताब्यात आलं त्या संध्याकाळी काकूंनी हातोडी घेतली आणि दिसेल त्या भिंतीत खिळे ठोकले. स्वयंपाकघरात, जिन्यात, दोन तर न्हाणीघरात. टांगायला घरात इतक्या वस्तूच नव्हत्या. काकांनी विचारलं, एवढ्या खिळ्यांचं करायचं काय, तर म्हणाल्या, "बघायचे." काकांनी मग दाराचं कुलूप बदललं. कुलूप निवडायला त्यांनी इतके दिवस लावले की काकू म्हणाल्या, जावई निवडताना एवढा विचार केला असता तर बरं झालं असतं. आणि चौथ्या खुंटीवर काकूंनी छत्री लावली. थोरले बोलले ते अशा रीतीने खरं झालं.

आता त्या छत्रीखाली ती बाई खुर्चीत बसली होती. काकूंनी तिच्यापुढे चहा ठेवला. कुणीही आलं की चहा ठेवायचा, चौकशी मागाहून करायची, अशी काकूंची रीत.

बाई म्हणाली, मी तिघांची बहीण, थोरल्याच्या पाठची. वडिलांनी पसंत केलेला नवरा तिने वर्षभरात सोडला. सोडून माहेरी आली तर वडिलांनी दार उघडलं नाही. चावी तिच्याकडे होती, पण आतून कडी होती. ती दुसऱ्या गावी गेली, दवाखान्यात नर्स झाली, निवृत्तही झाली. वडील गेल्याचं कुणी कळवलं नाही. कुणा पेशंटच्या नातेवाइकाकडून कानावर आलं.

"मी आले ती घर बघायला," ती म्हणाली. "ते विकलंय हे इथे आल्यावर कळलं. इस्त्रीवाल्याने मला ओळखलं आणि इस्त्री तशीच ठेवून आत गेला. कुणाचा तरी शर्ट जाळला त्याने."

काकू म्हणाल्या, "आम्हाला तीनच सांगितले हो, ताई."

"तीनच सांगत असतील," ताई म्हणाल्या. चहा संपवून त्या उठल्या, खुंटीकडे एकदा पाहिलं, आणि निघताना म्हणाल्या, "मला वकिलाकडे जावं लागेल. तुमच्यावर राग नाही. पण जावं लागेल."

राग नसलेल्या माणसाची नोटीस आठवड्याभरात आली. राग असता तर जरा बरं वाटलं असतं, असं काकांना ती वाचताना वाटलं.

काकांच्या वकीलबाई तरुण होत्या. त्यांचं ऑफिस रंगाच्या दुकानावर होतं, त्यामुळे तिथे कुठलीही केस ताज्या रंगासारखी वाटायची, हात लावायची भीती. त्यांनी कागद वाचले आणि हसल्या.

"काका, घाबरू नका. कायदा तुमच्यासारख्यांसाठीच केलाय. समजा वाटणी न झालेलं घर आहे. चार वारस असताना तिघांनी आपण तीनच म्हणून ते विकलं. घेणाऱ्याने पुरती किंमत मोजली, चौथा आहे हे त्याला माहीत नव्हतं, आणि शहाण्या माणसाने करावी तेवढी चौकशी त्याने केली. तर तो सद्भावनेने घेणारा. घर त्याचंच राहतं. चौथ्या वारसाने आपला हिस्सा त्या तिघांकडून पैशात वसूल करायचा."

"आणि माहीत असेल तर?"

"तर पाव घर ताईंचं. त्या वाटणी मागतील. तीन खोल्यांची वाटणी होत नाही म्हणजे घर विकावं लागेल. पण तुम्हाला माहीत नव्हतं ना?"

"नव्हतं."

"दाखले बघितले, शेजाऱ्यांना विचारलं. दोन-दोन शेजाऱ्यांना. हे तर मी कुठल्या अशिलाकडून ऐकलेलं नाही. घरात शंका यावी असं काही दिसलं होतं?"

खाली दुकानात कुणीतरी रंगाचा डबा हलवत होतं, खडखड, खडखड. "काय दिसणार," काका म्हणाले.

जिना उतरताना त्यांच्या लक्षात आलं की हे उत्तर नव्हतं. वकीलबाईंनी ते उत्तर म्हणून लिहून घेतलं होतं.

आधी त्यांनी राग शेजाऱ्यांवर काढायचं ठरवलं. तसं करणं सोयीचं होतं. इस्त्रीवाला त्यांना बघूनच म्हणाला, "काका, मला बोलू नका. मालकांसमोर कुणी चार म्हटलं की ते उठून आत जायचे आणि दोन दिवस जेवायचे नाहीत. मग आम्ही सगळे तीनच म्हणायला लागलो. पुढे तोंडाला तेच वळण पडलं. तुम्ही विचारलंत तेव्हा मला खरंच तीनच आठवले."

काका तसेच शिकवणीच्या बाईंकडे गेले. "तुमचं तर त्यांच्याशी वैर होतं," ते म्हणाले. "तुम्ही तरी खरं सांगायचं."

बाई फळा पुसत होत्या. हात थांबला. "वैर गटारावरून होतं," त्या म्हणाल्या. "मुलीवरून नव्हतं. भांडायचं म्हणून काय माणसाच्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवायचं? मी त्यांना नाही नाही ते बोलले असेन, पण ते एक कधी बोलले नाही." मग पुन्हा फळा पुसत म्हणाल्या, "गल्लीत माझ्याकडची पहिली विद्यार्थिनी ती. एकटी गणितात चांगली होती."

उस्तादाच्या नियमात या गोष्टीची सोय नव्हती. भीड आणि राग एकत्र येतात ते खरं बोलायला, एवढंच उस्तादाला माहीत होतं. दोघं मिळून एखाद्याची जखम झाकायलाही एकत्र येतात, हे बिचाऱ्याच्या पाहण्यात आलं नसावं.

राग काढायला आता एकच माणूस उरला, आणि तो रोज सकाळी आरशात दाढी करायचा.

काकूंना त्यांनी खुंटीचं सांगितलं ते भाजी निवडता निवडता. काकूंनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे तुम्हाला चर दिसला," त्या म्हणाल्या, "विचारलंत, आणि त्यांनी छत्रीची म्हणून सांगितलं. झालं की. अहो, चरावरून वारस ओळखायचे असते तर कोर्टात न्यायाधीश कशाला, सुतारच बसवले असते."

"मला ते पटलं नव्हतं."

"न पटलेल्या गोष्टी कोर्टात सांगायच्या म्हटल्या तर माझी एकटीची साक्ष महिनाभर चालेल."

"अगं, पण मला तेव्हाच वाटलं होतं, की कुणीतरी आहे."

काकूंनी हातातली जुडी खाली ठेवली. त्या भिंतीकडे बघत होत्या. भिंतीवरच्या खिळ्यांना आता हळूहळू सगळं मिळालं होतं, चाळणी, टोपली, मुलीचा फोटो. एकच रिकामा होता. "पुन्हा भाड्याने राहायचं माझं वय नाही," त्या म्हणाल्या. "एवढं मी सांगितलं. आता तुम्हाला कोर्टात काय बोलायचं ते बोला. तिथे मला विचारू नका."

कोर्टाची खोली काकांना पाहताक्षणी आवडली नाही, कारण तिच्या दाराचं कुलूप अगदीच सामान्य होतं. न्यायाधीशांना सर्दी झालेली. एका बाकावर थोरले बसलेले, दोन भाऊ दूर कुठे कामाला म्हणून आले नव्हते. दुसऱ्या बाकावर ताई, मांडीवर तीच पिशवी.

वकीलबाईंनी काकांना सगळं छान विचारलं. दाखले, शपथा, दोन शेजारी. पटणारा आणि न पटणारा हे ऐकून न्यायाधीशांनी रुमाल बाजूला केला आणि पहिल्यांदाच काकांकडे नीट पाहिलं. मग ताईंचे वकील उठले. ते थकलेले दिसत होते, त्यांचे प्रश्नही.

"घर आतून पाहिलं होतंत?"

"दोनदा."

"काही वेगळं आढळलं?"

"हो," काका म्हणाले.

वकील खाली बसायच्या बेतात होते. ते अर्धे बसले आणि पुन्हा उठले.

काकांनी सांगितलं. चार खुंट्या, चार चर, थोरल्यांना विचारलं ते, छत्री, कापड आणि पितळ. सांगताना त्यांनी थोरल्यांकडे पाहिलं नाही, काकूंकडे तर मुळीच नाही. वकीलबाईंचं पेन गडगडत टेबलाच्या कडेपर्यंत गेलं आणि त्यांनी ते पडू दिलं.

"मग संशय आला असताना तुम्ही घर घेतलंत कसं?" न्यायाधीशांनी स्वतः विचारलं.

"साहेब, घर हवं होतं," काका म्हणाले. बराच विचार करून आणलेली वाक्यं त्यांच्याकडे आणखी होती, पण ती सगळी या एका वाक्यातच बसली.

"छत्रीची म्हणालास?" ताई हळूच थोरल्यांना म्हणाल्या. सगळ्या खोलीला ऐकू गेलं. थोरले बुटांची नाडी बांधायला वाकले. त्यांच्या बुटांना नाडी नव्हती.

निकाल लागायला पुढे बरेच महिने गेले. त्या महिन्यांत काकूंनी घरात एकही नवी वस्तू आणली नाही. शेजाऱ्यांनी विचारलं तर म्हणायच्या, बघू, राहिलो तर आणू. जिन्याखालचं दुकान काकांनी घरापुढे हलवायचं ठरवलं होतं, तेही तसंच राहिलं. पत्र्याची चावी कागदात गुंडाळून कोपऱ्यात उभी होती.

निकाल काकांच्या बाजूने लागला. खरेदीदाराने योग्य ती सर्व चौकशी केली, कागदोपत्री वारस तीनच होते, शेजाऱ्यांनी दुजोरा दिला, किंमत पूर्ण दिली. सबब खरेदी सद्भावनेने झाली आहे. घर काकांकडे राहील. बहिणीचा हिस्सा तिघा भावांनी आपल्याला मिळालेल्या रकमेतून द्यावा. वकीलबाईंनी सगळा निकाल मोठ्याने वाचून दाखवला आणि वर पाहिलं.

"खुंटीचं काय लिहिलंय?" काकांनी विचारलं.

वकीलबाईंनी पानं उलटीपालटी केली. "काही नाही. उल्लेखच नाहीये." मग त्यांचा चेहरा बघून म्हणाल्या, "काका, तुम्ही जिंकलात."

काकांना ते समजत होतं. कायद्याने त्यांना स्वच्छ ठरवलं होतं आणि यावर अपील कुठे करायचं, ते त्यांना कळेना.

कोर्टाच्या पायऱ्यांवर ताई उभ्या होत्या. काकू सरळ त्यांच्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या. काकांनाच बोलावं लागलं.

"ते हिस्सा देतील ना?"

"थोरला देईल हप्त्याहप्त्याने. बाकीच्यांच्या मागे मला हिंडावं लागेल." ताईंनी पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. "मला घर नको होतं हो. या वयात त्या जिन्याचं मी काय करू? सही मागायला आले असते तर दिली असती. कागदावर तिघांच्या खाली चौथी. एवढंच मागायचं होतं त्यांनी."

"घरी चला ना आता," काकू म्हणाल्या. "चहा घेऊन जा."

ताईंनी मान हलवली. "पुढे कधीतरी," त्या म्हणाल्या, आणि बसच्या थांब्याकडे गेल्या. त्या पुढे कधी आल्या नाहीत.

त्या पावसाळ्यात काकूंची छत्री दाराआडच्या कोपऱ्यात उभी राहू लागली. तिथे तिचं पाणी साचायचं आणि काकांचा पाय रोज त्यात पडायचा. चौथ्या खुंटीवर आता काही नसतं. बाकीच्या तिन्हींवर घराच्या चाव्या असतात, गरजेपेक्षा जास्त, कारण चावी करायला घरात पैसे पडत नाहीत.

धंदा काकांनी घरापुढे आणला. पत्र्याची चावी दारावर लागली. पण त्यांच्या नियमात एक भर पडली आणि ती गिऱ्हाइकांना आवडत नाही. पूर्वी ते शेजाऱ्यांना विचारायचे, इथे कोण राहतं? आता ते विचारतात, आणि इथे आता कोण येत नाही? साधा प्रश्न, पण लोक बिचकतात. काही जण म्हणतात, तुम्हाला काय करायचंय? काही जण हसतात आणि मग हसणं मध्येच सोडून देतात. एका बाईने तर आलेल्या काकांना परत पाठवून रात्रीपर्यंत बाहेर बसणं पत्करलं. नाक्यावर दुसरा एक चावीवाला बसू लागलाय, तो काहीच विचारत नाही. त्याचं बरं चाललंय.

परवा भर दुपारी एक माणूस त्यांना न्यायला आला. नीटनेटका, घाईत असलेला. वडिलांचं घर आहे, म्हणाला, कुलूप उघडून द्या, उद्या गिऱ्हाईक बघायला येणार आहे. काका पेटी घेऊन गेले. शेजारच्या न्हाव्याने सांगितलं, हो, याचंच. समोरचा दुकानदार, ज्याचं त्या घराशी पार्किंगवरून वाजलेलं होतं, तोही म्हणाला, हो, याचंच, याचं आणि भावाचं.

"आणि आता येत नाही असं कुणी?" काकांनी विचारलं.

दुकानदाराने न्हाव्याकडे पाहिलं. न्हाव्याने कात्री उगाच हवेत दोनदा चालवली. मग दोघांनी त्या माणसाकडे पाहिलं, आणि तो माणूस स्वतःच्या चपलांकडे बघू लागला.

काका पायरीवर बसले. पेटी त्यांनी उघडली नाही, बाजूला ठेवली.

"सावकाश आठवा," ते म्हणाले. "मला घाई नाही."